शिरक्याला मिळणारा न्याय माणसाला का नाही?



आज आपल्या घरी जे अन्न शिजले असेल, त्यात मीठ असेलच. मिठाविना वरण अळणी आणि भाजीही अळणी. परंतु हे मीठ कशापासून बनते, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. मीठ दोन मूलद्रव्यांचे बनलेले आहे : सोडियम आणि क्लोरीन. सोडियम हा चाकूने कापता येईल इतका मऊ धातू. त्याचा पाण्याशी संबंध आला की तो भडकतो, म्हणून प्रयोगशाळेत त्याला रॉकेलमध्ये बुडवून ठेवावे लागते. क्लोरीन हा पिवळसर हिरवा, विषारी वायू. 22 एप्रिल 1915 रोजी, पहिल्या महायुद्धात, बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला होता आणि असंख्य सैनिक श्वास कोंडून तडफडले होते.

एक जाळणारा, दुसरा गुदमरवणारा. हे दोघे एकत्र आले की प्रखर उष्णता व प्रकाश बाहेर पडतो आणि 23 ग्रॅम सोडियम व 35.5 ग्रॅम क्लोरीन यांच्यापासून 58.5 ग्रॅम मीठ तयार होते. ते जाळत नाही, गुदमरवत नाही. उलट त्याच्याविना आपले शरीर जगू शकत नाही. हे मीठ आपण निःशंक मनाने आपल्या मुलांच्या ताटात वाढतो. त्याचा पूर्वेतिहास आपण विचारीत नाही.

आता एक प्रश्न स्वतःला विचारून पाहा. आपल्या गावात, आपल्या मोहल्ल्यात एखादा माणूस कधी काळी वाईट मार्गाला लागलेला होता. त्याने तौबा केली. अनेक वर्षे झाली. त्याचे नाव निघाले की आपल्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघते? त्याच्या आजच्या जीवनाविषयीचे की त्याच्या गतकाळाविषयीचे? पदार्थाचे रूपांतर आपण मान्य करतो. माणसाचे रूपांतर मान्य करताना मात्र आपली जीभ अडखळते. असे का व्हावे आणि याविषयी इस्लामची शिकवण काय आहे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

मिश्रण आणि संयुग

चांदूर रेल्वे येथे मी अनेक वर्षे शालेय विद्यार्थ्यांना विज्ञान शिकवले. त्यात एक प्रयोग दरवर्षी करावयाचा असे. 7 ग्रॅम लोहकीस आणि 4 ग्रॅम गंधकाची पूड कागदावर घेऊन चांगली एकत्र करावी. राखाडी आणि पिवळा हे दोन्ही रंग एकमेकांत मिसळून जातात व नवाच पदार्थ तयार झाल्यासारखे वाटते. परंतु त्यावरून लोहचुंबक फिरवला की लोहकीस उडून त्याला चिकटतो आणि गंधक कागदावर राहते. याला मिश्रण म्हणतात. येथे दोघांचा केवळ शेजार झालेला असतो. लोह लोहच आहे आणि गंधक गंधकच आहे.

तीच पूड परीक्षानळीत घालून तापवली की नळीच्या तळाशी लाल निखारा दिसू लागतो. त्यानंतर ज्योत बाजूला केली तरी तो निखारा आपोआप वर सरकत जातो, कारण या अभिक्रियेतूनच उष्णता बाहेर पडत असते. नळी थंड झाल्यावर आत काळा, ठिसूळ पदार्थ मिळतो. त्याचे नाव आयर्न सल्फाइड. प्रमाण बरोबर साधले असेल, तर आता लोहचुंबक त्याला ओढू शकत नाही. लोह नाहीसे झालेले नाही, गंधकही नाहीसे झालेले नाही. तरीही हा पदार्थ आता लोह नाही आणि गंधकही नाही. याला संयुग म्हणतात.

या छोट्या प्रयोगात तीन गोष्टी आहेत आणि पुढील विवेचनात त्या तिन्ही आपल्या उपयोगी पडणार आहेत. पहिली : संयुग तयार होताना घटक आपले जुने गुणधर्म सोडून देतात. दुसरी : हे कोणत्याही प्रमाणात घडत नाही. फ्रेंच शास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस हे दाखवून दिले की, प्रत्येक संयुगात घटकांचे वजनी प्रमाण ठरलेले असते. तिसरी : 7 आणि 4 मिळून 11 ग्रॅमच होतात, वस्तुमानाचा एक कणही गहाळ होत नाही. लव्हाझिए यांनी 1789 साली आपल्या ग्रंथात हा नियम स्पष्टपणे मांडला.

दिव्य कुरआन हा रसायनशास्त्राचा ग्रंथ नव्हे, तो मानवाच्या मार्गदर्शनाचा ग्रंथ आहे. तेव्हा प्रत्येक शोध त्यात आधीच लिहिला होता, असा दावा करण्याचे कारण नाही. परंतु सूरह अल-कमर आणि सूरह अल-हिज्र यांमध्ये प्रत्येक वस्तू एका मापाने, एका तोलाने निर्माण केल्याचे जे सांगितले आहे, ते वाचून झाल्यावर वर्गातील तराजूकडे पाहताना श्रद्धावंताचे मन नम्र होते, एवढे निश्चित.

‘किमया’ हा शब्द आपल्याकडे कसा आला?

मराठीत आपण सहज म्हणतो, ‘त्याने किमया केली.’ हा शब्द अरबी ‘कीमिया’ या शब्दापासून आलेला आहे आणि युरोपीय भाषांतील रसायनशास्त्राचे नावही त्याच शब्दाच्या वंशातील आहे. परंपरेनुसार आठव्या शतकात कूफा येथे होऊन गेलेले जाबिर बिन हय्यान यांच्या नावाने या विद्येचे अनेक ग्रंथ प्रसिद्ध आहेत. त्यांच्यानंतर अबू बक्र अल-राझी (865-925) यांनी पदार्थांचे वर्गीकरण करून भट्ट्या, पात्रे व प्रक्रिया यांची पद्धतशीर वर्णने लिहून ठेवली.

त्या काळी किमयेचे मोठे स्वप्न होते हलक्या धातूचे सोने करण्याचे. इब्ने सीना (980-1037) यांनी मात्र स्पष्ट सांगितले की, कारागीर तांब्याला सोन्याचा रंग देऊ शकतील, पाहणाऱ्याची फसगत होईल इतके साम्य आणू शकतील; परंतु धातूची मूळ जात त्यांना बदलता येणार नाही. म्हणजे बाह्य रंग बदलणे वेगळे आणि अंतःस्वरूप बदलणे वेगळे, हा विवेक आपल्या पूर्वसूरींना हजार वर्षांपूर्वीच होता.

पुढे इमाम गझाली (रह.) (1058-1111) यांनी फारसीत एक ग्रंथ लिहिला आणि त्याला नाव दिले ‘कीमिया-ए-सआदत’, अर्थात सौख्याची किमया. त्यांना तांब्याच्या सोन्याशी कर्तव्य नव्हते. माणसाच्या अंतःकरणाचे रूपांतर हीच खरी किमया, असे त्यांचे म्हणणे होते. ‘इह्या उलूमिद्दीन’ या आपल्या थोर ग्रंथात तौबेची व्याख्या करताना ते सांगतात की, तौबा तीन गोष्टी एकत्र जुळून तयार होते : ज्ञान, मनाची अवस्था आणि कृती. पाप किती घातक आहे याचे ज्ञान. त्या ज्ञानातून उत्पन्न होणारी पश्चात्तापाची वेदना. आणि त्या वेदनेतून घडणारी कृती, म्हणजे आज पाप सोडणे, उद्यासाठी निश्चय करणे व काल जे बिघडवले त्याची भरपाई करणे. या तिघांपैकी एक जरी कमी पडले, तरी तौबा सिद्ध होत नाही. केवळ ज्ञान असणारे कितीतरी लोक पाप करीतच राहतात. केवळ रडणारे डोळे पुसून पुन्हा त्याच वाटेला लागतात.

फिकहचा एक सुंदर नियम

आता आपल्या धर्मशास्त्राकडे वळू. फिकहमध्ये ‘इस्तिहाला’ नावाची एक संकल्पना आहे. इस्तिहाला म्हणजे पदार्थाच्या मूळ स्वरूपाचे रूपांतर होणे. वस्तूचे मूळ स्वरूपच पालटले, तर तिच्यावरील हुकूमही पालटतो, हे त्याचे सूत्र आहे.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण शिरक्याचे. मद्य हराम आहे, याविषयी मुस्लिमांत दुमत नाही. हेच मद्य उघड्यावर राहिले की सूक्ष्म जीवाणू हवेतील ऑक्सिजनच्या साह्याने त्यातील इथेनॉलचे ॲसेटिक आम्लात रूपांतर करतात आणि शिरका तयार होतो. त्यात कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन हीच मूलद्रव्ये पूर्वीही होती आणि आताही आहेत; केवळ त्यांची जुळणी बदलली. नशा गेली, नाव गेले आणि हुकूमही गेला. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी शिरक्याची उत्तम सालन म्हणून प्रशंसा केल्याचे हदीसमध्ये आले आहे. मद्य आपोआप शिरका झाले तर तो हलाल, याविषयी विद्वानांचे एकमत आहे. मुद्दाम काही मिसळून शिरका केला तर काय, याविषयी मतभेद आहे. आपल्या वऱ्हाडातील बहुसंख्य मुस्लिम ज्या हनफी मताचे अनुसरण करतात, त्यानुसार तोही हलाल. कोकणातील आपले बांधव ज्या शाफई मताचे आहेत, त्यानुसार तो पाक होत नाही आणि त्यांच्या मतालाही हदीसचा आधार आहे.

दुसरे उदाहरण मिठाच्या खाणीचे. हनफी ग्रंथांत चर्चा येते की, एखादे गाढव मिठाच्या खाणीत पडून मेले आणि कालांतराने त्याचे मीठच झाले, तर त्या मिठाचे काय? इमाम अबू यूसुफ (रह.) यांनी ते पाक मानले नाही. इमाम मुहम्मद (रह.) यांनी मात्र सांगितले की, ते आता मीठ आहे, गाढव नाही, आणि मीठ पाक असते. फतवा याच मतावर दिला गेला.

तिसरे उदाहरण साबणाचे. आपल्याच वऱ्हाडात, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. उल्कापातामुळे बेसॉल्ट खडकात पडलेल्या विवरात ते साठले आहे आणि त्याचे पाणी तीव्र क्षारधर्मी आहे. अबुल फज्ल यांनी ‘आइन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना, साबण व काच बनविण्याची सामग्री येथे मिळते, अशी नोंद केली आहे. तेल किंवा चरबी आणि असा क्षार यांची अभिक्रिया झाली की साबण व ग्लिसरीन तयार होते. अपवित्र तेलापासून बनवलेला साबण वापरता येईल काय, हा प्रश्न हनफी विद्वानांपुढे आला, तेव्हा त्यांनी याच सूत्राने उत्तर दिले : तेल आता तेल राहिले नाही, म्हणून साबण पाक आहे.

आजच्या कारखान्यांतील जिलेटिनसारख्या पदार्थांत खरोखर रूपांतर घडते की नाही, याविषयी विद्वानांत चर्चा आहे. त्याबाबत आपल्या विश्वासातील आलिमांना विचारावे; तो या लेखाचा विषय नाही. येथे एवढेच पाहावयाचे आहे की, आपल्या इमामांनी वस्तूचा न्याय करताना ती आज काय आहे हे पाहिले. ती काल काय होती, हा प्रश्न त्यांनी रूपांतर सिद्ध झाल्यावर बाजूला ठेवला.

माझा एक ‘पण’

येथे मला स्वतःची एक चूक सांगणे भाग आहे. ज्याच्याविषयी सांगतो आहे, त्याची परवानगी घेतली आहे आणि त्याची ओळख पटेल असे काही येथे लिहिलेले नाही.

माझा एक जुना विद्यार्थी तरुणपणी मटक्याच्या नादी लागला. आधी आकडे लावीत असे, पुढे लिहूही लागला. त्याबरोबर दारू आली, घरातील भांडणे आली, लोकांची उधारी आली. मग एक वेळ अशी आली की त्याने हे सारे सोडले. मशिदीत दिसू लागला. कष्टाचे काम धरले. सहा-सात वर्षे त्याचे पाऊल पुन्हा तिकडे वळले नाही. त्याने ज्यांचे पैसे घेतले होते, त्यांना हप्त्याहप्त्याने परत केले, हेही मला ठाऊक होते, कारण त्यांपैकी एक गृहस्थ माझ्या शेजारीच राहतात.

त्याच्या लग्नाची बोलणी दुसऱ्या गावी सुरू झाली. मुलीकडील दोन वडीलधारी माणसे चौकशीसाठी चांदूरला आली आणि स्टेशनजवळच्या चहाच्या दुकानात त्यांनी मला विचारले, ‘सर, मुलगा कसा आहे?’ मी म्हणालो, ‘आता चांगला आहे, पण...’ आणि त्या ‘पण’च्या पुढे मी सर्व काही सांगून टाकले. मटका सांगितला, दारू सांगितली. उधारी केल्याचे सांगितले. ती फेडल्याचे सांगितले नाही. त्या लोकांनी चहा संपवला, सलाम केला आणि ते निघून गेले. स्थळ तेथेच थांबले.

त्या रात्री मला शांत झोप लागली. मी खरे बोललो होतो, असे मला वाटत होते. काही महिन्यांनी तो मला रस्त्यात भेटला. त्याला सारे कळले होते. त्याने तक्रार केली नाही. एवढेच विचारले, ‘सर, अजून किती वर्षं लागतीन?’

माझ्याकडे उत्तर नव्हते. वर्षानुवर्षे मी मुलांना मिश्रण आणि संयुग यांतील भेद शिकवला, आणि प्रत्यक्ष जीवनात ती वेळ आली तेव्हा तयार झालेल्या पदार्थाचे वर्णन न करता मी परीक्षानळीत काय काय घातले होते, त्याची यादी वाचून आलो.

‘आम्ही खरे सांगू नये काय?’

वाचकांपैकी काहींच्या मनात आक्षेप आला असेल. सल्ला विचारला असता खरे सांगणे ही अमानत आहे. एका मुलीच्या आयुष्याचा प्रश्न असताना मौन बाळगणे हा विश्वासघात नव्हे काय? आक्षेप गंभीर आहे आणि त्याला आधारही आहे. सहीह मुस्लिममधील प्रसिद्ध हदीसनुसार, फातिमा बिन्त कैस (रजि.) यांनी आपल्याला मागणी घालणाऱ्यांविषयी प्रेषित (स.) यांचा सल्ला विचारला, तेव्हा प्रेषितांनी एकाच्या निर्धनतेचा आणि दुसऱ्याच्या कठोर स्वभावाचा उल्लेख केला व उसामा बिन जैद (रजि.) यांच्याशी विवाह करण्याचा सल्ला दिला.

परंतु या प्रसंगाकडे लक्ष देऊन पाहा. प्रेषितांनी ज्या गोष्टी सांगितल्या, त्या त्यावेळी विद्यमान असलेल्या आणि संसारावर परिणाम करणाऱ्या होत्या. कोणाच्या अज्ञानकाळातील पापांचा पाढा त्यांनी वाचला नाही. त्या पिढीत तर असे पाढे जवळजवळ प्रत्येकाविषयी वाचता आले असते.

याच्या जोडीला हजरत उमर (रजि.) यांचा एक निवाडा ठेवा. इमाम शअबी (रह.) यांच्याकडून तो आपल्यापर्यंत पोहोचला आहे. एका मनुष्याने येऊन सांगितले की, माझ्या मुलीकडून मोठे पाप घडले होते. ती जीव द्यायला निघाली होती. आम्ही तिला वाचवले. तिने मनापासून तौबा केली. आता तिला मागणी आली आहे, तर मागचे सारे त्यांना सांगू काय? हजरत उमर (रजि.) संतापले. अल्लाहने ज्यावर पडदा टाकला, तो तू दूर करणार काय, अशा आशयाचे बोलून त्यांनी ताकीद दिली की, हे कोणाला सांगितलेस तर तुला कठोर शिक्षा करीन. आणि एका शीलवान मुस्लिम स्त्रीचा विवाह व्हावा तसा तिचा विवाह करून दे.

त्यांनी ‘ती पूर्वी पापी होती, आता बरी आहे’ असे म्हणावयास सांगितले नाही. त्यांच्या दृष्टीने ती शीलवान स्त्री होती. शिरका हा सुधारलेले मद्य नसतो. तो शिरका असतो. सूरह अल-हुजुरातमध्ये एकमेकांना वाईट नावांनी संबोधण्यास मनाई आहे, त्या आयतीच्या स्पष्टीकरणात इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून असेही आले आहे की, तौबा केलेल्या माणसाला त्याच्या जुन्या कृत्यांवरून हिणवणे हेही यातच येते.

म्हणून कोणी चौकशीला आले तर काय सांगावे? जे आज आहे, ते लपवू नये. व्यसन चालू असेल, स्वभाव क्रूर असेल, कर्ज डोक्यावर असेल, समोरच्याचा हक्क बाधित करणारा आजार असेल, तर ते सांगणे कर्तव्य आहे. काल सोडलेले व्यसन आज सुटलेच आहे, असे मानण्याची घाईही नको. निखारा नळीच्या टोकापर्यंत पोहोचायला वेळ लागतो. परंतु जे वर्षानुवर्षे संपलेले आहे आणि ज्याची भरपाई झाली आहे, ते उकरून काढण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्याला सत्यकथन म्हणता येत नाही, कारण ते आज सत्य नाही.

एक कणही गहाळ होत नाही

येथवर वाचून ज्याने कधी दुसऱ्याचे नुकसान केले आहे, त्याने स्वतःला फार लवकर मोकळे समजू नये. प्रयोगातील तिसरी गोष्ट आठवावी : 11 ग्रॅमचे 11 ग्रॅमच राहतात. रूप बदलले तरी हिशेब मिटत नाही.

तौबेने अल्लाह आपल्या हक्कांतील पापे क्षमा करतो. एवढेच नव्हे, तर सूरह अल-फुर्कानच्या 70 व्या आयतीत जे लोक तौबा करून, श्रद्धा ठेवून सत्कर्मे करतील, त्यांची दुष्कृत्ये सत्कृत्यांत बदलण्याचे वचन आहे. यापेक्षा मोठे रूपांतर कोणते असू शकेल? परंतु हुकूकुल इबाद, म्हणजे माणसांचे हक्क, हे वेगळे प्रकरण आहे. प्रेषित (स.) यांनी आपल्या सोबत्यांना दिवाळखोराची जी व्याख्या सांगितली, ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. कियामतच्या दिवशी नमाज, रोजे व जकात घेऊन येणारा माणूस. पण त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल, कोणाला मारलेले असेल. त्याची पुण्ये त्या लोकांना वाटली जातील आणि ती संपल्यावर त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील. तेथे एक कणही गहाळ होत नाही.

म्हणून माझ्या त्या विद्यार्थ्याने फेडलेली उधारी हा त्याच्या तौबेचा सर्वांत बोलका पुरावा होता. अंतःकरण कोणाला दिसत नाही आणि त्यावर लोहचुंबक फिरवता येत नाही. परंतु परत केलेला पैसा, मागितलेली क्षमा आणि बदललेली संगत हे सर्व दिसते. नेमका तोच पुरावा मी झाकून ठेवला.

आणि ज्याचे नुकसान झाले, त्याच्या दुःखालाही इस्लामने जागा ठेवली आहे. वहशी (रजि.) यांनी उहुदच्या रणांगणावर प्रेषितांचे चुलते हजरत हमजा (रजि.) यांना ठार मारले होते. पुढे ते इस्लाम स्वीकारून आले. प्रेषितांनी त्यांचा इस्लाम मान्य केला, त्यांच्यावर सूड उगवला नाही; मात्र शक्य असेल तर आपल्या नजरेसमोर येऊ नये, एवढे त्यांना सांगितले. सहीह बुखारीत हा प्रसंग आहे. क्षमा खरी होती आणि वेदनाही खरी होती. ज्याचा बाप, भाऊ किंवा पैसा गेला, त्याला ‘विसरून जा’ असे सांगण्याचा हक्क आपल्याला नाही. परंतु ज्याचे काहीही गेलेले नाही, अशा आपल्यासारख्या तिऱ्हाइताने जुने नाव चघळीत राहावे, याला कोणते कारण आहे? यमामाच्या लढाईत याच वहशींनी खोटा प्रेषित मुसैलमा याच्यावर तोच भाला फेकला. समाजाने त्यांच्यासाठी दार बंद केले असते, तर तो भाला कोणत्या बाजूला असता?

रुळांवरचा गंज

आपले गाव चांदूर बाजारपासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्याच्या नावाला ‘रेल्वे’ जोडले गेले. मुंबईहून निघालेला लोहमार्ग वऱ्हाड ओलांडून 1867 साली नागपूरला पोहोचला आणि पुढे तो हावड्यापर्यंत गेला. याच मार्गावर पूर्वेकडे भिलाई आहे. भारतीय रेल्वेचे रूळ मुख्यत्वे तेथे तयार होतात. खाणीतून निघणारे तांबडे खनिज म्हणजे लोह व ऑक्सिजन यांचे संयुग, गंजाचेच भावंडे म्हणा ना. त्याच्या 160 ग्रॅममध्ये 112 ग्रॅम लोह असते. परंतु कितीही वर्षे ते तसेच ठेवले, तरी त्यातून लोह आपोआप सुटत नाही. झोतभट्टीची प्रचंड उष्णता लागते, आणि त्या ऑक्सिजनला आपल्याकडे ओढून घेणारा कार्बनही लागतो.

माणसाचेही असेच आहे. नव्याण्णव खून करणाऱ्या माणसाची हदीस आपणास ठाऊक आहे. ज्ञानी पुरुषाने त्याला तौबेचे दार उघडे असल्याचे सांगितले, पण तेवढ्यावर थांबला नाही. आपले गाव सोडून अमुक ठिकाणी जा, तेथे अल्लाहची उपासना करणारे लोक राहतात, असे त्याने सांगितले. पश्चात्तापाची उष्णता माणसाने स्वतः आणावी. परंतु वाईट संगतीपासून त्याला ओढून घेणारी चांगली माणसे समाजाने पुरवावी लागतात. ज्या गावात तौबा केलेल्याला मशिदीत मोकळेपणाने शेजारी जागा मिळत नाही, घरी दावत मिळत नाही, मुलगी मिळत नाही, तेथे त्याला त्याचे जुने मित्र मात्र आनंदाने जागा देतात.

आणि रूपांतर उलट दिशेनेही होत असते. आमच्या स्टेशनवर उभे राहून पाहा. मुख्य मार्गाच्या रुळांचा माथा आरशासारखा चमकतो, कारण त्यावरून रोज चाके जातात. बाजूच्या, फारशा न वापरल्या जाणाऱ्या मार्गाचे रूळ तांबूस झालेले असतात. लोखंड तेच, हवा तीच, पाऊसही तोच. कुरआनने सूरह अल-मुतफ्फिफीनमध्ये माणसांच्या कर्मांमुळे त्यांच्या अंतःकरणांवर गंज चढल्याचे सांगितले आहे. तेव्हा दुसऱ्याच्या जुन्या गंजाची चर्चा करणाऱ्याने स्वतःच्या माथ्यावरून रोज काही चालते की नाही, हे पाहावे. त्या दिवशी चहाच्या दुकानात गंज कोणाच्या मनावर होता, हे मला आता समजते.

त्या स्थळाच्या मंडळींना मी नंतर पत्र लिहिले. जे सांगायचे राहिले होते, ते लिहिले आणि जे सांगायला नको होते, त्याबद्दल क्षमा मागितली. उत्तर आले नाही. माझ्या विद्यार्थ्याचीही क्षमा मागितली; त्याने ती दिली. परंतु त्याच्या आयुष्यातून जे माझ्यामुळे गेले, ते परत करणे माझ्या हाती नाही, आणि ते माझ्या हिशेबात आहे, हे मला ठाऊक आहे.

वाचकहो, आपल्यापैकी प्रत्येकाच्या ओळखीत असा एखादा माणूस असेल. उद्या कोणी आपल्याला त्याच्याविषयी विचारील. तेव्हा ‘पण’ उच्चारण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि आपण मद्याविषयी बोलत आहोत की शिरक्याविषयी, हे स्वतःला विचारावे.

अल्लाह आपल्या सर्वांच्या तौबा स्वीकारो, ज्यांचे हक्क आपल्याकडे थकले आहेत ते या जगातच परत करण्याची शक्ती देवो, आणि ज्यांच्या दोषांवर त्याने पडदा टाकला आहे, त्यांच्याविषयी आपल्या जिभा आवरण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.